गुलामाचा मुलगा
(यावल येथें शेतकरी व कारागीर बांधवांपुढें केलेलें भाषण)



आम्ही रोमची गोष्ट सांगणार म्हटल्यावर एक आजोबा म्हणाले, "मास्तर, केळीला भाव नाहीं अन् तुम्ही रोमचें काय काढलेंत?" प्रश्न रास्त आहे. पण जरा ऐका.

रोमांत वरचे ते पॅट्रिशियन. देवधर्म, न्याय, अधिकार सारें त्यांच्या हातीं. खालचे प्लेबियन, त्यांत कुणबी आले तसे कारागीरही आले. दोघांत बेटीव्यवहाराला बंदी होती. खालचे भांडले आणि इ. स. पूर्व ४४५ मध्यें ती बंदी कायद्यानें उठली.

त्याच रोमांत माणसांचा बाजार भरे. इ. स. पूर्व ७३ मध्यें स्पार्टाकस या गुलामानें बंड केलें. तें मोडल्यावर सहा हजार गुलाम रस्त्याच्या कडेनें क्रुसावर टांगले. एवढें क्रौर्य! तरी रोमन धन्यानें रीतसर सोडलेला गुलाम नागरिक होई, आणि पुढें त्याला झालेलें मूल जन्मतःच स्वतंत्र असे. आमच्याकडे? मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो कीं, धन्यानें सोडलें तरी शूद्र दास्यांतून सुटत नाहीं. मग त्याच्या पोराची काय कथा!

रोमसारखे गुलाम इथें नव्हते, म्हणून गुलामगिरीच नव्हती, असें पुष्कळ पंडित सांगत. त्यांना आपल्याच खानदेशांतून उत्तर मिळालें. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील (१९२५–२०१४) म्हणाले, इथली गुलामगिरी वर्णाच्या रूपानें होती. हे गृहस्थ प्राध्यापक नव्हते. चित्रकला शिकावयास गेले, ती सोडून कम्युनिस्ट पक्षांत आले, धुळे जिल्ह्यांत आदिवासींमध्यें वर्षानुवर्षें राबले. मूळ ग्रंथ दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचावयाचे नव्हते, म्हणून चाळिशी उलटल्यावर बडोद्यास जाऊन पाणिनीचें व्याकरण शिकले. पक्ष जातीचा प्रश्न हातीं घेईना, तेव्हां १९७८ मध्यें सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. १९८२ मध्यें दास-शूद्रांच्या गुलामगिरीवरील त्यांचा ग्रंथ आला. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ ची.

त्यांचें सगळेंच आम्हांस पटतें असें नाहीं. एकेका शब्दाच्या व्युत्पत्तीवर ते फार भार टाकतात. ग्रंथही जड, आम्हीं तो तीनदां खालीं ठेवला आणि चौथ्यांदा उचलला.

आजोबा, भाव पाडणारा कोण, हें तुम्ही बाजारांत जाऊन स्वतः पाहतां. पोथींत काय लिहिलें आहे, तें मात्र आपण पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकलें. येत्या रविवारीं शाळेंत मनूचा तो श्लोक अर्थासह फळ्यावर लिहूं. बायकांनींही यावें. दिवेलागणीला सुरुवात होईल.