एकच पिस्टन का गेला?

(मागच्या भागाचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त ‘ॲक्चुअली’ जरा कमी केलेत.)

आजचा विषय ऐकून अर्धे जण दुसरा भाग लावतील. चालेल. विषय आहे, स्नोमोबाइलच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन झिजलाय हे ओळखायचं कसं.

नवीन लोकांसाठी: मी मिरजेचा, बीटेक, काम सॉफ्टवेअरचं, सध्या मुक्काम अमेरिकेत मिनेसोटात. इथे जानेवारीत उणे २५ अंश ही काही बातमी नसते. तळी गोठतात आणि लोक त्यांच्यावरून गाड्या हाकतात. स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन. इथले लोक तिला ‘स्लेड’ म्हणतात. आमची स्लेड ६०० सीसीची, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं, ११ हॉर्सपॉवरचं. तिचंच हे थोरलं भावंड समजा, ताकद जवळपास दहापट.

मी आणि माझ्या रूममेटने ती सेकंडहँड घेतली, पैसे निम्मे निम्मे. तो नागपूरचा, त्याला स्पॅनरही धरता येत नाही, त्यामुळे मेकॅनिक मी. ही गोष्ट सांगायला त्याने परवानगी दिली आहे, तेही दोन शिव्या घालून.

पहिली लक्षणं साधी होती. थंड असताना इंजिनमधून खडखड यायची, गरम झालं की कमी व्हायची. पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीत जागा वाढली की पिस्टन आत डुलतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की तो फुगतो, जागा भरते, आवाज घटतो. दुसरं, दोरी ओढून चालू करताना हाताला ती मऊ लागायची. आपल्याकडे किक मऊ लागते म्हणतात ना, तेच.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. इथे लोक हमखास चुकतात, म्हणून नीट सांगतो. इंजिन कोमट असावं. दोन्ही प्लग काढायचे, त्यांच्या वायरी अर्थला लावायच्या. एका प्लगच्या जागी गेज बसवायचं आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची, पाच-सहा वेळा. थ्रॉटल बंद ठेवलात तर हवाच आत जात नाही, आकडा खोटा कमी येतो. आणि एकट्या आकड्याला फार किंमत देऊ नका, स्वस्त गेज काहीही दाखवतात. एकाच गेजवर दोन सिलिंडरची तुलना करा. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर काहीतरी बिघडलंय. आमच्या उजव्या सिलिंडरमध्ये १२० आले, डाव्यात ९८.

हेड आणि ब्लॉक उतरवले. डाव्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. रिंग काढून सिलिंडरमध्ये सरळ ढकलली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या बाहेर. पिस्टनचा व्यास मायक्रोमीटरने मोजला. तो पिनला काटकोनात आणि मॅन्युअल सांगेल त्याच उंचीवर मोजायचा असतो, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वरून खालपर्यंत सारखाही नसतो. तोही घटलेला. निदान झालं! दोन्ही पिस्टन नवे मागवले, रिंगा नव्या, गॅस्केट नवं. शनिवार-रविवारात इंजिन बांधलं. कॉम्प्रेशन दोन्हीकडे १२० च्या आसपास. मी इन्स्टावर फोटोपण टाकला.

तीनशे किलोमीटरही झाले नसतील. जानेवारीतला शनिवार, सुपीरियर लेकच्या उत्तरेकडच्या ट्रेलवर होतो. रूममेट म्हणाला, एकटाच एक फेरी मारून येतो, ४० किलोमीटरची. मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो. तास झाला, दीड तास झाला. इथे त्या दिवसांत पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. फोन लावला तर बंद. थंडीत फोनची बॅटरी तीस टक्के दाखवता दाखवता मरते, हे तुमच्यापैकी जे कडाक्याच्या थंडीत फिरलेत त्यांना माहीत असेल.

पार्किंगपासून नऊ किलोमीटरवर इंजिन धरलं होतं. तो चालत निघाला. गुडघाभर बर्फ, झाडांची रांग आणि अंधार. शेवटी ट्रेल सपाट करणारं मोठं यंत्र येतं ना, त्याच्या ड्रायव्हरने त्याला पाहिलं आणि आणून सोडलं. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. बरी झाली, पण आठवडाभर कीबोर्डवर टाइप करताना तो माझ्याकडे बघायचा. बोलायचा काही नाही. पिस्टन मी बसवला होता.

रात्री मिरजेला मामाला व्हिडिओ कॉल केला. मामाने ऐंशीच्या दशकात राजदूत ३५० वर हात साफ केलेत. तीही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. मी सगळे आकडे वाचून दाखवले. त्याने चहा संपवला आणि विचारलं, “पहिल्यांदा कुठला गेला होता?”

“डावा.”

“आणि आज?”

“डावाच.”

“अरे, दोघांना पेट्रोल एका टाकीतलं, तेल एकाच पंपाचं. मग एकटाच का मरतोय, हे विचारलंस का?”

नाही विचारलं. रोज ऑफिसमध्ये दोन सर्व्हरपैकी एकच पडला तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. कॉमन गोष्टी बाजूला काढायच्या आणि वेगळं काय आहे ते बघायचं. इथे मात्र झिजलेला भाग मिळाला म्हणून कारण मिळालं असं धरून बसलो.

तर आता खरं निदान. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात, पिस्टन स्वतःच वरखाली होत सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो-झाकतो. याचा फायदा असा की सायलेन्सरकडे जाणारा पाइप काढला, टॉर्च मारली आणि दोरी हळू ओढली, तर इंजिन न उघडता पिस्टनचा एक्झॉस्टकडचा भाग दिसतो. निरोगी पिस्टनवर कारखान्यातल्या आडव्या बारीक रेघा दिसतात. त्या पुसून आरशासारखं झालं किंवा उभे ओरखडे आले, तर समजा. आणि लक्षात ठेवा, असे ओरखडे असतानाही कॉम्प्रेशन छान येऊ शकतं, कारण ते मुख्यतः रिंगा धरतात. म्हणून माझं आता मत आहे की गेजच्या आधी टॉर्च. प्लगही बघा. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, वितळून उडालेलं. आमच्या डाव्या प्लगवर ते होते. धरण्याच्या आधीच्या आठवड्यातही असणार, मी प्लग काढलाच नव्हता.

ओरखडे कुठे आहेत तेही बोलतं. पिस्टनभोवती चार ठिकाणी सारखे पट्टे असतील तर गार इंजिन चालू करून लगेच पिळलंय. पिस्टन झटकन फुगला, सिलिंडर मागे राहिला. दोन्ही पिस्टन सारखे खराब असतील तर पेट्रोल किंवा तेल तपासा. एकच, तोही एक्झॉस्टच्या बाजूने, तर त्याच सिलिंडरला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय. पेट्रोल नुसतं जळत नाही, आतून थंडही करतं.

डाव्या कार्बोरेटरचे जेट साफ होते. मग प्रेशर टेस्ट. इंजिनची येण्या-जाण्याची तोंडं बंद करून आत हलकी हवा भरायची, सहा-सात पीएसआय, आणि ती टिकते का बघायची. आमची मिनिटभरात उतरली. साबणाचं पाणी मारलं तर कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी नळीखालून बुडबुडे. नळी काढून वाकवली तेव्हा चीर दिसली, केसाएवढी. सरळ धरली की गायब. थंडीत रबर कडक झालं की ती किती उघडत असेल, विचार करा. मी इंजिन बांधताना ती नळी पुसून परत लावली होती. पुसून!

सिलिंडर वाचला. आरएक्सचा लोखंडी असतो, बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो. इथे ॲल्युमिनियमवर निकासिलचा कडक पातळ थर असतो, तो गेला की नवीन थर चढवून आणावा लागतो. आमच्या भिंतीवर पिस्टनचं ॲल्युमिनियम नुसतं चिकटलं होतं. ॲसिडने जपून काढलं, हातमोजे घालून, दार उघडं ठेवून. खालचा थर शाबूत निघाला. पिस्टन एक, रिंगा, आणि नळ्या मात्र दोन्ही नव्या.

आता प्रत्येक फेरीनंतर डावा प्लग निघतो. तो मी नाही, रूममेट काढतो. स्पॅनर धरायला शिकलाय. ठिपके नसले तर मला फोटो पाठवतो, खाली काही लिहीत नाही. काल सहावा आला.