खेचर जीवांची भाषा आणि अभयदान



समवसरणात प्रभूंचा दिव्यध्वनी पशुपक्ष्यांनाही आपापल्या भाषेत उमगत असे, हे जैन बालक पाठशाळेतच ऐकतो. पक्ष्याला भाषा आहे, हे तेथे गृहीतच धरले आहे. शास्त्राला प्रयोगशाळेच्या पावतीची गरज नाही. तरीही अलीकडची निरीक्षणे ऐकण्याजोगी आहेत.

जपानमधील कारुइझावाच्या अरण्यात तोशिताका सुझुकी यांनी चिमणीएवढ्या टिट पक्ष्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. हा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटे करतो. कावळा दिसताच आईबाप एक विशिष्ट स्वर काढतात आणि पिले तळाशी दबून बसतात, कारण कावळा बाहेरूनच चोच घालतो. साप दिसला तर स्वर निराळा. तो ऐकताच पिले घरट्याबाहेर उड्या टाकतात. साप आत शिरतो, तेथे दबून राहणे म्हणजे मरणच. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ मध्ये त्यांनी दाखविले की, ‘सावध व्हा’ आणि ‘जवळ या’ हे स्वर याच क्रमाने आले तर पक्षी दोन्ही करतात. क्रम उलटवला तर फारशी दाद देत नाहीत. व्याकरणच म्हणावयाचे!

गाणे मात्र शिकावे लागते. केंब्रिजच्या थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिले एकांतात वाढविली. ती मोठेपणी ओबडधोबडच गायली. कोवळ्या वयात पिंजऱ्यात गेलेला गाणारा पक्षी अशा रीतीने आपल्या कुळाची वाणीही गमावतो.

येथे एका प्रथेचा विचार करणे प्राप्त आहे. पुण्यतिथीस वा पर्वात बाजारातील मुनिया विकत घेऊन सोडल्या जातात. भावना निर्मळ आहे. पण मागणी तेथे पुरवठा, हे व्यापारी समाजास कोणी सांगावे? दहा सोडविल्या की जाळे पुन्हा लागते, आणि कित्येक जीव बाजार गाठण्यापूर्वीच जातात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानपक्ष्यांची अशी खरेदी-विक्री गुन्हा आहे. तीच रक्कम पक्षी-रुग्णालयास दिली तर अभयदान अधिक खरे ठरेल.

चबुतऱ्यावरील दाणे कबुतरांना पुरतात. कीटक खाणाऱ्या दयाळास त्यांचा उपयोग थोडाच. त्याला जुनी झाडे, ढोली आणि भिंतीतील भोके हवीत. चैत्र-वैशाखात पहाटे शेंड्यावर बसून नर गातो, तेव्हा जवळपास घरटे असण्याचा संभव असतो. मंदिराच्या जीर्णोद्धारात ती भोके आषाढ सरेपर्यंत न बुजविण्यास काहीही खर्च येत नाही.