टोकाचे पक्ष आणि मधलीं माणसें

लोकशाही राज्य कसें नष्ट होतें, असा प्रश्न केला तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रणगाडे, संगिनी आणि मध्यरात्रीं पडलेला वेढा उभा राहतो. परंतु विसाव्या शतकांतील सर्वांत भयंकर लोकशाहीनाश या वाटेनें झाला नाहीं. तो मतपेट्या, ठराव आणि सह्या यांच्या वाटेनें, भर दिवसां झाला. तो देश म्हणजे जर्मनी. टोकाच्या पक्षांना बळ नेमकें कोठून मिळतें, हें त्या देशाच्या चौदा वर्षांच्या इतिहासांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें क्वचितच अन्यत्र दिसेल.

पहिल्या महायुद्धांतील पराभवानंतर १९१९ सालीं वायमार या गांवीं जर्मन प्रजासत्ताकाची राज्यघटना तयार झाली. त्या वर्षींच्या जानेवारींतील निवडणुकींत सोशल डेमोक्रॅट, कॅथलिकांचा सेंटर पक्ष आणि डेमोक्रॅट या प्रजासत्ताकवादी पक्षांना मिळून दर चार मतांपैकीं तीन मतें पडलीं होतीं. आरंभ असा शुभ होता. परंतु समाज आंतून चिरफळलेला होता. प्रत्येक तटाचें वर्तमानपत्र निराळें, व्यायाममंडळ निराळें, गायनमंडळ निराळें. पुढें तर गणवेशधारी दळेंही निराळीं झालीं. शेजारचा मनुष्य काय म्हणतो हें त्याच्या तोंडून ऐकण्याऐवजीं आपल्या पक्षाच्या पत्रांतून वाचण्याची लोकांना संवय जडली.

या संवयीचें पहिलें फळ १९२५ सालीं पदरांत पडलें. अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरींत प्रजासत्ताकवाद्यांनीं सेंटर पक्षाच्या विल्हेल्म मार्क्स यांना उभें केलें. त्यांच्यासमोर राजेशाहीचे अभिमानी, वृद्ध सेनापति हिंडेनबर्ग होते. कम्युनिस्टांनीं आपला उमेदवार थेलमान मागें घेतला नाहीं; आणि बव्हेरियांतील कॅथलिक पक्षानें, मार्क्स हे समाजवाद्यांच्या पाठिंब्यानें उभे आहेत एवढ्यासाठीं, प्रॉटेस्टंट हिंडेनबर्गांना साह्य केलें. हिंडेनबर्ग सुमारें नऊ लाख मतांनीं निवडून आले. थेलमान यांच्या वाट्याला गेलेलीं मतें एकोणीस लाखांवर होतीं.

त्यानंतर १९३० चा मार्च उजाडला. जागतिक मंदी सुरू होऊन बेकारी वाढत होती. बेकारांच्या विम्याची वर्गणी साडेतीन टक्क्यांवरून चार टक्के करावी कीं नाहीं, या वादांत हर्मन म्यूलर यांचें पांच पक्षांचें मंत्रिमंडळ कोसळलें. अर्ध्या टक्क्यावर तडजोड झाली नाहीं! पुढील तीन वर्षांत बहुमताच्या आधारावर उभें राहिलेलें एकही मंत्रिमंडळ जर्मनीनें पाहिलें नाहीं. घटनेच्या ४८ व्या कलमान्वयें अध्यक्षांच्या सहीनें फर्मानें निघूं लागलीं. १९३२ सालीं विधिमंडळानें अवघे पांच कायदे केले, आणि फर्मानांची संख्या त्याच्या कित्येक पट झाली.

१९२८ सालीं नाझी पक्षाला १२ जागा होत्या. सप्टेंबर १९३० मध्यें त्या १०७ झाल्या, आणि जुलै १९३२ मध्यें २३०. कम्युनिस्टांच्या ८९ जागा त्यांत मिळविल्या तर ६०८ सभासदांच्या सभागृहांत लोकशाही नको म्हणणाऱ्यांचेंच बहुमत होतें. हे दोन पक्ष रस्त्यांत एकमेकांचीं डोकीं फोडीत. परंतु प्रशियांतील समाजवादी मंत्रिमंडळ पाडण्यासाठीं १९३१ च्या सार्वमतांत दोघांनीं एकाच बाजूनें मत दिलें. कम्युनिस्टांच्या दृष्टीनें सोशल डेमोक्रॅट हेच मुख्य शत्रु होते. पलीकडे जमीनदार, सेनानी आणि सनातनी पुढारी यांनाही समाजवाद्यांपेक्षां नाझी बरे वाटत.

नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकींत नाझींच्या ३४ जागा घटल्या. लाट ओसरूं लागली होती. नेमक्या त्याच वेळीं फॉन पापेन आदि मंडळींनीं हिंडेनबर्गांचें मन वळविलें, आणि ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर प्रधानमंत्री झाला. मंत्रिमंडळांत त्याच्यासह नाझी तिघेच. बाकीचे त्याला आंवरतील, असा हिशेब होता. २३ मार्च रोजीं सर्व सत्ता मंत्रिमंडळाच्या हातीं देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनीं संमत झाला. कम्युनिस्ट सभासद तुरुंगांत किंवा भूमिगत होते. विरोधाचीं सर्व ९४ मतें सोशल डेमोक्रॅटांचीं होतीं. सेंटर पक्षानें होकार दिला. जुलैमध्यें तो पक्षच उरला नाहीं.

हें अटळ होतें काय? फिनलंडचें उदाहरण नाहीं म्हणतें. तेथें १९१८ सालीं लाल आणि पांढरे यांच्यांत यादवी युद्ध होऊन पस्तीस हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं होतीं. म्हणजे द्वेषाचें कारण जर्मनीपेक्षां मोठें होतें. १९२९ च्या अखेरीस लापुआ गांवापासून कम्युनिस्टविरोधी चळवळ उठली. प्रतिपक्षीयांना पळवून नेणें, मारहाण करणें, रशियाच्या सरहद्दीवर नेऊन सोडणें असे प्रकार झाले, आणि पुष्कळ प्रतिष्ठित लोकांनीं तिकडे काणाडोळा केला. मार खाणारे लाल होते ना! परंतु म्हातारी मेल्याचें दुःख नसलें तरी काळ सोकावतो. १९३० च्या ऑक्टोबरांत देशाचे पहिले अध्यक्ष स्टोलबर्ग यांनाच सपत्नीक पळविण्यांत आलें. ते कम्युनिस्ट नव्हते. कायद्याचे पंडित होते.

१९३२ च्या फेब्रुवारी अखेरीस मांटसाला येथें समाजवाद्यांची सभा उधळण्यास सशस्त्र लोक जमले आणि त्याचें बंडांत रूपांतर झालें. अध्यक्ष स्विन्हूफ्वुद हे कट्टर समाजवादविरोधी. याच चळवळीच्या पाठिंब्यानें ते पदावर आले होते. तरी २ मार्च रोजीं त्यांनीं आकाशवाणीवरून बंडखोरांना घरोघर परत जाण्यास सांगितलें. जे निमूटपणें परततील त्या सामान्यांना शिक्षा होणार नाहीं, पुढाऱ्यांना मात्र होईल, असें बजावलें. कांहीं दिवसांतच बंड विरलें आणि चळवळीवर बंदी आली. १९३७ सालीं समाजवादी आणि शेतकरी पक्ष एका मंत्रिमंडळांत बसले.

टोकाचीं माणसें दोन्ही देशांत होतीं. फरक मधल्या माणसांत होता. आपल्या बाजूचा गुंड आणि समोरच्या बाजूचा सभ्य गृहस्थ यांत जवळचा कोण, या प्रश्नाला जर्मनींतील मधल्यांनीं एक उत्तर दिलें आणि फिनलंडच्या अध्यक्षांनीं दुसरें. आज पक्षाच्या वर्तमानपत्राची जागा प्रत्येकाच्या हातांतील यंत्रानें घेतली आहे, आणि शेजाऱ्याचें मत त्याच्या तोंडून न ऐकण्याची सोय पूर्वींपेक्षां वाढली आहे. प्रश्न मात्र तोच आहे. प्रतिपक्षाला शिव्या घालणें कोणासही जमतें. स्वपक्षांतील अतिरेक्याला, तो उपयोगी पडत असतांनाच, पुरे म्हणून सांगणें कठीण. लोकशाहीचें आयुष्य ज्यांच्यावर अवलंबून असतें तीं माणसें हीं.