राजदूत नको, गव्हर्नर व्हायचंय

अफगाणिस्तान म्हटलं की आपल्या फोनवर नोटिफिकेशन येतं ते बंदीचं. मुलींना शाळा बंद, बायकांना नोकरी बंद. आज मात्र एका बाईंच्या कामाबद्दल बोलूया. डॉ. हबिबा सराबी.

या मूळच्या रक्तविकारतज्ज्ञ. त्या विषयाचं पुढचं शिक्षण त्यांनी घेतलं आपल्या भारतात. १९९६ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं, तेव्हा मुलांना घेऊन त्या पेशावरला गेल्या. नवरा काबूलमध्येच राहिला, घरच्यांना सांभाळायला. पण बाई गप्प बसल्या नाहीत. पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांत मुलींना शिकवायच्या, आणि लपूनछपून परत अफगाणिस्तानात जाऊनही शिकवायच्या. पकडलं गेलं तर काय, हा विचार करून बघा.

तालिबान गेल्यावर त्या महिला व्यवहार मंत्री झाल्या. मंत्रिपदानंतर राष्ट्राध्यक्ष करझाईंनी त्यांना राजदूतपद देऊ केलं. परदेशातलं, मानाचं, सुरक्षित पद! त्या म्हणाल्या, नको, मला गव्हर्नर करा. तोवर त्या देशात एकही बाई गव्हर्नर नव्हती.

इथे एक सांगतो. गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राजभवन आठवतं. तिकडे तसं नाही. तिकडचा गव्हर्नर म्हणजे साधारण आपला कलेक्टर समजा. रस्ता, पाणी, शाळा, पोलीस, सगळी गाऱ्हाणी त्याच्याच दारात.

२००५ मध्ये त्यांना बामियान मिळालं. २००१ मध्ये तालिबाननं सुरुंग लावून बुद्धाच्या प्रचंड मूर्ती उडवल्या, तेच बामियान. डोंगराळ, गरीब, आणि सराबींसारख्याच हजारा लोकांचं. तिथे त्या आठ वर्षं टिकल्या. सगळं गोड नव्हतं हं. डांबरी रस्ता होत नाही म्हणून वैतागलेल्या लोकांनी एकदा चक्क रस्त्यालाच माती-पेंढ्याचा गिलावा केला! काबूलहून पैसा येईना आणि शिव्या मात्र गव्हर्नरला. मला तर यातच जास्त रस वाटला, कारण खरं सरकारी काम असंच असतं.

पण एक काम उभं राहिलं. बंद-ए-अमीर. डोंगरातली सहा निळीशार तळी, पाण्यातल्या चुन्याचे थर साचून आपोआप तयार झालेले बांध. लोक तिथे स्फोटकं टाकून मासे मारायचे. सराबींनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये ते अफगाणिस्तानचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. पर्यटक आले, आसपासच्या गावांत थोडे पैसे आले. २०१३ मध्ये सराबींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हो, आपल्या विनोबांना १९५८ मध्ये मिळाला, तोच.

पुढे २०२० मध्ये दोहाला तालिबानशी बोलणी सुरू झाली. सरकारच्या बाजूनं बसलेल्या चार बायकांत सराबी होत्या. ज्यांच्यामुळे घर सोडावं लागलं, त्यांच्याच समोर टेबलावर! बोलणी फिसकटली. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं.

आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये तालिबानच्या मंत्र्यांनी फर्मावलं, बायकांनी बंद-ए-अमीरला यायचं नाही. हिजाब नीट पाळत नाहीत म्हणे, आणि फिरायला जाणं काही बायकांसाठी आवश्यक नाही म्हणे.

एपिसोड संपला की बंद-ए-अमीर सर्च करून बघा. हंसाच्या आकाराच्या बोटी दिसतील, कुठे कुठे त्यांत बसलेल्या बायका. ते फोटो बंदीच्या आधीचे आहेत.