मलिदा



'मलिदा' हा शब्द हल्ली आपण कुठे वाचतो? बहुधा कंत्राटाच्या बातमीत. कुणी तरी मलिदा लाटलेला असतो आणि कुणाला तरी त्यातला वाटा मिळालेला नसतो. शब्द मूळचा फारसी. हाताने चोळून, कुस्करून केलेला तो मलिदा. 'मालिश' हा शब्दही त्याच घरातला. आमच्याकडे चपाती कुस्करून, तूपगूळ घालून मलिदा करतात आणि नवस फेडायला दर्ग्यावर नेतात. पण हा शब्द कानावर आला, की मला आठवते ती आमच्या शेजारची आजी आणि तिची पितळी परात.

आजी ज्यू होती, बेने इस्रायली. माहेर अलिबागकडचे. त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आजोबांच्या नोकरीमुळे आजी साताऱ्यात आली आणि राहिली तीही शनिवार पेठेत! "तेल सुटलं, पण शनवार काही सुटला नाही बघ," असे ती हसत म्हणे.

तिचा सगळा जीव मुलानातवंडांत आणि स्वयंपाकघरात. शुक्रवारी दिवेलागणीला दिवा लावला, की शनिवारी रात्र होईपर्यंत चूल पेटायची नाही. मटण मिठात ठेवून, रक्त उतरवून मगच शिजवायचे. मटणाबरोबर दूधदुभते चालत नसे, म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला. अशा जेवणानंतर कुणी साताऱ्याचे कंदी पेढे आणले, तर ती ते डब्यात ठेवून देई आणि काही तास उलटल्यावर खाई. आमच्या घरचे मटण ती घेत नसे. मात्र ईदला आईला स्वतःच म्हणायची, "मला शीरखुर्मा दे, आणि मोठी वाटी दे." एक गोष्ट नाकारताना दुसरी हक्काने मागून घ्यायची, ही तिची रीत. त्यामुळे तिच्या नियमांनी आमच्या घरात कुणी कधी दुखावले गेले नाही.

तिच्या सणांची नावे तरी कशी? खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. 'सण' सगळ्या महाराष्ट्राचा, 'रोजा' आमचा आणि वालाचे बिरडे कोकणाचे! 1874 साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाचे 'हगादा' हे पुस्तक छापले गेले, हिब्रू आणि मराठीत. त्यातल्या चित्रात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. मला तर त्या बायकांत आजीच दिसते.

तिचा थोरला मुलगा साठच्या दशकात इस्रायलला गेला. तिथे गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांच्या वेळी, हे खरे ज्यू का, अशी शंका काढली गेली. त्यांनी आंदोलन केले आणि 1964 मध्ये तो प्रश्न मिटला. त्याविषयी आजी एकच वाक्य बोले, "इतक्या पिढ्या शनवारी चूल पेटवली नाही, आता आणखी काय दाखवू?"

तिची मुलगी मिरजेला परिचारिका होती. मी सांगलीत बी.ए. करत असताना आजी मुलीकडे आली, की रविवारी मला जेवायला बोलावी. 1987 मध्ये मुलीचे कुटुंबही निघाले आणि आजीलाही जावे लागले. निघण्यापूर्वी साताऱ्याच्या वाड्यात तिने मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची. वर खजूर आणि फळे. एलियाहू हनाबीच्या नावाने तो करतात. कुराणात हेच पैगंबर इलियास या नावाने येतात. खोबरे समोरच्या जोशीकाकूंनी खवले, वेलची माझ्या आईने कुटली.

सामुदायिक प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. पुण्याहून येणारे धरून सातच जमले. कुणी तरी हळहळले. आजी म्हणाली, "म्हणायला सात आहेत, खायला पन्नास आहेत. चालेल."

भारतात एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्रायली आज पाच हजारांहूनही कमी आहेत. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण साताऱ्याच्या आमच्या वाड्यातली ती खोली तोवर कधीच रिकामी झाली होती.

तिकडून आजीचे एक पत्र आले होते, मराठीत. लिहिले होते, "नातीच्या लग्नाआधी मलिदा केला. पोहे मिळाले. इथे प्रार्थनेला दहा माणसे हाक मारली की जमतात. खायला तुम्ही नव्हता."

बातमीतला मलिदा एकट्याने, दार लावून खायचा असतो. आजीचा मलिदा माणसे कमी पडली, तर तिला गोड लागत नसे. श्रोतेहो, आज घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा, आपल्याकडे मलिदा कसा करायचे आणि कुणाकुणाला द्यायचे? त्यांनी सांगितलेला अर्थही आपल्या भाषेत राहू द्या.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)