चोपडी परक्या पेढीवर

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराजवळच्या एखाद्या जुन्या दुकानदाराला म्हणावे, ‘शेठजी, तुमची चोपडी चार महिने आमच्या पेढीवर राहू द्या.’ तो हसेल, आणि चोपडी गादीखाली सरकवेल. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र ही चोपडी, म्हणजे सोर्स कोड, रोज परक्या पेढीवर जाते.

ग्राहकाला मिळतो तो तयार प्रोग्राम. सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल, बदलता येईल असा त्याचा मूळ मजकूर. तो हाती आला की वर्षानुवर्षांची मेहनत एका डिस्कवर उतरते, आणि मूळ मालकाकडचे काहीच कमी होत नाही. चोरी लक्षात यायला म्हणूनच वेळ लागतो.

२००२ सालची गोष्ट. यंत्रांच्या भागांचे त्रिमिती आराखडे काढणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या सॉलिडवर्क्सने आपला कोड मुंबईच्या जिओमेट्रिक सॉफ्टवेअर सोल्युशन्सकडे दिला होता. काम साधे, चुका शोधून दुरुस्त करण्याचे. जिओमेट्रिकचा एक माजी कर्मचारी तोच कोड सॉलिडवर्क्सच्या स्पर्धकांना विकू पाहत असल्याचा आरोप झाला. त्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अशोक हॉटेलात ‘गिऱ्हाईक’ त्याला भेटले, ते होते एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचे. सीबीआयने त्याला अटक केली.

खरी गंमत पुढे आहे. कोड सॉलिडवर्क्सचा, माणूस जिओमेट्रिकचा; मग फिर्याद नेमकी कशाची? व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदाच नव्हता.

गुपित मधल्या माणसाकडूनही सरकते. अमेरिकेच्या सीएससी या सॉफ्टवेअर कंपनीने आपले विमा सॉफ्टवेअर ट्रान्सअमेरिका या विमा कंपनीला वापरायला दिले होते. पुढे ट्रान्सअमेरिकाचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे, म्हणजे टीसीएसकडे गेले. आपला कोड पाहून टीसीएसने स्वतःची प्रणाली घडवली, असा सीएससीचा दावा होता. जून २०२४ मध्ये डलासच्या न्यायालयाने टीसीएसला सुमारे १९ कोटी ४० लाख डॉलर भरायला सांगितले. टीसीएसने आरोप नाकारले आणि अपील केले.

भागीदार प्रामाणिक असेल. त्याच्याकडचा नोकरी सोडून जाणारा माणूस वेगळा. तेव्हा सगळा कोड देण्याऐवजी लागेल तेवढाच तुकडा द्या, तो कोणी उघडला याची नोंद ठेवा, आणि माणूस गेला त्याच दिवशी त्याचा पासवर्ड बंद करा. २२व्या विधी आयोगाने व्यापारी गुपितांच्या कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये सरकारला दिला. त्या कायद्याची वाट पाहत बसू नका. आजच्या करारात या तिन्ही गोष्टी लिहून घ्या.