जुन्या गाडीचं पासिंग: गटाचं कर्ज देण्याआधी काय बघायचं

(प्रभागसंघाच्या बैठकीत केलेलं बोलणं)



दिवाळीच्या तोंडावर गटांकडे दोन तऱ्हेचे कर्जअर्ज जास्त येतात. एक शेळीसाठी आणि दुसरा जुन्या मोटारसायकलसाठी. शेळीतलं आपल्याला कळतं. दात बघतो, कास बघतो, चार जणींना विचारतो. गाडीचं मात्र सगळं घरच्या गड्यावर सोडतो आणि वीस हजाराच्या अर्जावर सही करतो. हप्ता कुणाच्या नावावर? आपल्या. म्हणून आज गाडीचे दात कसे बघायचे ते सांगते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला गाडी ही चैन नाही. खोपीपासून फड लांब, दवाखाना त्याहून लांब. गाडी ट्रकवर टाकून सांगली, कोल्हापूर, बेळगावपर्यंत जाते. तिकडे पोलिसाने अडवलं तर ओळखीचं कुणी नसतं, कागदच दाखवावे लागतात.

आधी एक घोळ मोडून काढू. पासिंग, पासिंग म्हणतो आपण, पण टेम्पो-रिक्षाचं फिटनेस वेगळं आणि घरच्या दुचाकीचं वेगळं. घरच्या दुचाकीची नोंदणी १५ वर्षं चालते. मग गाडी आरटीओच्या निरीक्षकाला दाखवायची, पास झाली की पुढची ५ वर्षं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. दिल्लीच्या बातम्या ऐकून कुणी म्हणतं, १५ वर्षं झाली की गाडी भंगारात. आपल्याकडे तसं नाही.

आता मुद्दा. पंधरा वर्षांची शंभर सीसीची गाडी पास होते का? माझं म्हणणं असं, की छेडछाड न केलेली साधी गाडी बहुतेक वेळा होते. स्प्लेंडर, प्लॅटिना, सीटी शंभर, यांच्यात बिघडण्यासारखं फार नसतंच, आणि पार्ट केजपासून परळीपर्यंत कुठेही मिळतो. गाडी अडते ती बारक्या गोष्टींवर. मागचा दिवा लागत नाही, ब्रेक दाबल्यावर लाल दिवा पेटत नाही, हॉर्न मुका, आरसे काढून टाकलेले, टायर गुळगुळीत. हे सगळं गावातल्या गॅरेजवर एका दिवसात होतं. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्याशी सपाट झालं की टायर बदलायचाच, त्यात घासाघीस नको.

पोरांनी सायलेन्सर बदलून फटफट आवाजाचा बसवला असेल तर जुना शोधून आणा. आणि एक गोष्ट खास आपली. मागच्या चाकाला साडीची जाळी, मागे बसणाऱ्याला धरायला कडी आणि पाय ठेवायला पायदान, हे तिन्ही कायद्याच्या नियमात आहे. नियम १२३. दिसायला बरं म्हणून जाळी काढणारे लई आहेत. पदर चाकात गेला की काय होतं ते मी सांगायला नको. पासिंग राहू द्या, जाळी नसलेल्या गाडीवर बसूच नका.

धुराचंही बघा. पीयूसीच्या यंत्रात २००० नंतरच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत लागतो. न जमल्यास आधी एअर फिल्टर साफ करा, कार्ब्युरेटर ट्यून करा, प्लग बघा. एवढ्यावर बहुतेकदा भागतं. पण गाडी निळा धूर टाकत असेल तर ती ऑइल जाळते आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम. तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

हे झालं दुरुस्त होणारं. न होणारं एकच, चेसी नंबर. हॅण्डलखाली गाडीच्या मानेवर तो कोरलेला असतो. आरसी बुकातल्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा, इंजिन नंबरही तसाच. गंजाने पुसला असेल, घासल्यासारखा दिसत असेल, एक आकडा जरी वेगळा असेल, तर गाडी कितीही स्वस्त असू द्या, उठून या. ती पास होणार नाही आणि चोरीची निघाली तर वेगळंच.

वय ओळखायची एक खूण सांगते. टाकीवर हीरो होंडा लिहिलेलं असेल तर गाडी जुनीच समजा. त्या दोन कंपन्या २०१० च्या डिसेंबरात वेगळ्या झाल्या, पुढे थोडा काळ जुनं नाव चाललं. अशा गाडीची मुदत संपलेली नाहीतर संपत आलेली असते. नक्की तारीख मोबाईलवर एम-परिवहन ॲपमध्ये कळते. नंबर टाकला की नोंदणी कधीपर्यंत, विमा आहे का, पीयूसी आहे का, बँकेचा बोजा आहे का, सगळं दिसतं. गटात एकीकडे तरी असा मोबाईल असतोच.

मुदत संपून दोन वर्षं झालेली गाडी विकणारा कधी सांगत नाही. उशिराबद्दल दुचाकीला महिन्याला ३०० रुपये लागतात. दोन वर्षांचे ७२०० झाले. त्यात नूतनीकरणाची फी १००० रुपये, वीस वर्षांपुढच्या गाडीला २०००, आणि १५ वर्षांपुढच्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट, ती ४५० आणि जीएसटी धरून ५३१. पंधरा हजाराची गाडी अशी पंचवीसला जाते. मग हप्ता थकतो आणि बैठकीत त्या ताईने मान खाली घालायची. गड्याने नाही.

विम्याचं तर मी हट्टाने सांगते. समोरच्याचं नुकसान भरणारा थर्ड पार्टी विमा शंभर सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी. फडात दोन दिवसांची मजुरी. तो नसताना अपघात झाला तर भरपाई मालकाच्या मानेवर येते. आणि मालक म्हणजे कोण? ज्याचं नाव आरसीवर. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलं. म्हणून जुनी गाडी विकतानाही नाव बदलल्याशिवाय सोडायची नाही. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. ‘कोऱ्या फॉर्मवर सही देऊन ठेवा, मग बघू’ असं एजंट म्हणतो. नाही म्हणायचं.

आपल्यातल्या काही ताया एकट्या आहेत. गाडी वारलेल्या मालकाच्या नावावर तशीच चालू असते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची. वेळ निघून गेली असेल तरी जा, बीडच्या नाहीतर अंबाजोगाईच्या कार्यालयात. सोबत एखादी लिहिता-वाचता येणारी न्या.

पुढच्या महिन्यापासून गाडीचा अर्ज आला तर गटाने अर्जासोबत चार गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं: आरसीची झेरॉक्स, ॲपवरच्या माहितीचा फोटो, चेसी नंबराचा फोटो आणि गॅरेजवाल्याने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज. जिच्या नावावर कर्ज, तिच्या नावावर गाडी, हाही ठराव घ्या. त्यावर घरात कुरबुर होईल. झाली तर पुढच्या बैठकीत बोलू.